लव्हेंडर हिल मॉब: अडीच टन सोनं आणि एक अक्षर

1951 सालचा 'द लव्हेंडर हिल मॉब' हा ईलिंग स्टुडिओचा सिनेमा बरेच जण हलकीफुलकी कॉमेडी म्हणून बघतात आणि सोडून देतात. मला हे पटत नाही. चोरीपेक्षा चोरीचा माल जिरवणं किती अवघड असतं, हे इतकं नीट मांडणारे सिनेमे फार थोडे आहेत. टी. ई. बी. क्लार्कला या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

अलेक गिनेसचा हॉलंड हा बँकेचा कारकून. वर्षानुवर्षं सोन्याच्या गाडीवर देखरेख करतो, त्यामुळे गाडी पळवायची कशी हे त्याला ठाऊक आहे. अडतंय ते पुढे. दहा लाख पौंडांचं सोनं म्हणजे नेमकं किती? तेव्हा सोन्याचा भाव औंसाला 35 डॉलर आणि पौंड 2.80 डॉलरचा, म्हणजे औंसाला साडेबारा पौंड. हिशोब करा: 80 हजार औंस, 400 औंसाच्या 200 लगडी, एकेक साडेबारा किलोच्या आसपास. एकूण अडीच टन! शिवाय प्रत्येक लगडीवर शिक्का आणि क्रमांक असतो, म्हणजे जशीच्या तशी विकायची सोय नाही. ती वितळवायलाच हवी, आणि देशाबाहेर न्यायची तर दुसऱ्याच कशाच्या तरी रूपात.

इथे स्टॅन्ली हॉलोवेचा पेंडलबरी येतो. तो शिशाची स्मरणचिन्हं ओततो, त्यात आयफेल टॉवरचे पेपरवेटही. साचा तयार, भट्टी तयार, पॅरिसला माल पाठवायची वाटही तयार. सोनं याच मनोऱ्यांच्या रूपात बाहेर काढता येईल, हे हॉलंड पेंडलबरीला आडून आडून सुचवतो तो प्रसंग गिनेस आणि हॉलोवे यांनी छान पेलला आहे.

ओतकामाबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. शिसं 327 अंशांना वितळतं, सोनं 1064 ला. शिशाची भट्टी त्याला पुरत नाही. ग्राफाइटची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं लागतं, मळ काढायला टाकणखार लागतो आणि साचा आधी तापवावा लागतो. नाहीतर टॉवरच्या बारीक जाळीत सोनं अर्ध्या वाटेत गोठतं. दहा किलोची एक मूस धरली तर अडीचशे वेळा ओतायचं. दर खेपेला अर्धा तास लागला तरी सव्वाशे तास झाले. आणि खरा धोका वेगळाच आहे. शिसं वितळवायच्या भांड्यातच सोनं वितळवलं आणि शिशाचा अंश जरी मिसळला, तरी सोनं ठिसूळ होतं, ठोकलं की तडकतं. आपल्या सांगलीतल्या विटा-खानापूरकडच्या, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या गलाई कारागिरांना हे सांगावं लागणार नाही. सिनेमा या भागावरून झटकन पुढे जातो, पण त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. साच्यातून पहिला सोनेरी मनोरा बाहेर येतो तेव्हा त्या दोघांचे चेहरे बघा.

डाव फसतो तो एका अक्षरावर. सोन्याच्या पेट्यांवर 'आर' लिहिलेलं, आणि त्या उघडायच्या नाहीत अशी पॅरिसच्या स्टॉलवाल्या बाईला ताकीद. पण लंडनच्या माणसाच्या तोंडी 'आर' म्हणजे जवळजवळ 'आ', शेवटचा र गळतो. फ्रेंचमध्ये 'आ' हे ए या अक्षराचं नाव, आणि आर ला तिकडे म्हणतात 'एर'. त्यामुळे मनाई ए च्या पेट्यांना आहे असं समजून बाईने 'आर'ची पेटी बिनधास्त उघडली आणि इंग्लंडहून आलेल्या शाळकरी मुलींना सहा मनोरे विकलेसुद्धा. योजना आखताना सगळं मोजलं. उच्चाराचा विचार मात्र कुणीच केला नाही.

त्यानंतर दोघे आयफेलच्या गोल जिन्यावरून मुलींच्या मागे धावत उतरतात. डग्लस स्लोकोंबचा कॅमेरा इतका गरगरतो की आपल्यालाही घेरी यावी. खाली पोचेपर्यंत दोघे हसत सुटलेले असतात, पाय ठरत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. सोनं शिशाच्या 1.7 पट जड. एकाच साच्यातला शिशाचा मनोरा एक किलोचा असेल, तर सोन्याचा एक किलो सातशे ग्रॅमचा. रोज तेच मनोरे विकणाऱ्या त्या बाईच्या हाताला हा फरक पेटी उचलतानाच कळायला हवा होता.