पॉवर स्टीअरिंगच्या आवाजावर ब्रेक ऑइल? कृपया ओतू नका

‘जुन्या गाडीचं स्टीअरिंग वळवताना घूंऽघूं आवाज येतो? स्टीअरिंग तेलाच्या टाकीत थोडं ब्रेक ऑइल ओता, सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) फुगतात आणि आवाज जातो,’ असा सल्ला सध्या फिरतोय. सील फुगतात हे खरं आहे, आणि तेच घातक आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, तर स्टीअरिंगचे सील खनिज तेलासाठी बनवलेले. ते फुगून मऊ पडतात आणि मग तेल ढकलणारा पंप आणि चाकं वळवणारा रॅक, दोन्हीकडून गळती लागते.

आवाजाचं कारण बहुतेक वेळा तेलात शिरलेली हवा असतं. झाकण उघडून पाहा: तेलावर फेस, रंग दुधाळ. टाकीतून पंपाकडे जाणारा होज (रबरी नळी) वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतो, क्लिप सैल पडते. पंप तिथून तेल ओढत असल्यानं थेंबही बाहेर न पडता हवा आत जाऊ शकते. म्हणूनच ही जागा हमखास नजरेतून सुटते!

होज, क्लिप आणि जोडावरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) बदला आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा. पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखत राहा.

‘चींऽऽ’ असा आवाज असेल तर आधी पंप फिरवणारा बेल्ट बघा.

ब्रेक ऑइल ओतून झालं असेल, तर इंजिन सुरू करू नका. आधी सगळं तेल काढून सिस्टिम फ्लश करून घ्या.