आधी पंचांग बघा, मग गाडी काढा

आज अमावास्या. आणि आजच एका फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या) क्लबाने सकाळी दहाला बारा गाड्या पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, उतरवल्या. अकराच्या सुमारास त्यातली पांढरी गाडी दरवाजापर्यंत पाण्यात. डोकं सणकलंय म्हणून लिहितोय, लांबेल.

कोकणातलं शाळकरी पोरगंही सांगेल, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अमावास्येचे 15 धरा, उत्तर सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यात उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर येणार. म्हणजे दहाला तुम्ही पाणी चढत असतानाच खाली उतरलात! सकाळी जंगल, मग जेवण, आणि साडेतीननंतर ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर किनारा, इतकं सोपं होतं. पण आपल्याकडे बेत ठरतो तो सुरमईचं ताट किती वाजता मिळेल त्यावर.

पांढरी गाडी रुतली कशी? टायरात रस्त्याचीच 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. वाळूत ती 18 पर्यंत उतरवायची, टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं. रुतलात तर 15. त्याखाली गेलात आणि जोरात वळवलंत की टायर रिमवरून सुटतो. छतावर लाइटबार प्रत्येकाच्या, हवा मोजायचा गेज बारा गाड्यांत एक.

मग साहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, खड्डा झाला, गाडीचं पोट टेकलं. परतणारी प्रत्येक लाट टायरखालची वाळू घेऊन जाते, त्यामुळे पुढचं काम पाण्यानेच केलं. पहिल्याच फिरकीला पाय काढून, चाकांपुढची वाळू उपसून, आलेल्याच चाकोरीतून मागे यायचं असतं.

आणि ओढायचा दोर बांधला कशाला, तर टो बॉलला, गाडीमागच्या त्या लोखंडी गोळ्याला! अरे, तो ट्रेलर ओढायला असतो. झटक्याने तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणसं मेली आहेत त्याने. हवं काय, तर चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढण्यासाठीचा हूक, त्यात दोर अडकवायची शॅकल (लोखंडी कडी), ताणणारा कायनेटिक दोर, दोरावर ओलं गोणपाट, आणि बघे दोराच्या दीडपट अंतरावर उभे. आज बघे दोराला टेकून व्हिडिओ काढत होते.

पाणी चढलं तशा बाकीच्या अकरा गाड्या वरच्या कोरड्या वाळूत घुसल्या, तिथली मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) तुडवत. नोव्हेंबर ते मार्च तिथेच कासवीण अंडी घालते, एका घरट्यात शंभरेक. चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्र गाठत नाही. मच्छीमारांचे ट्रॅक्टरही पुळणीवर येतात, खरंय. पण ते होडी ओढतात नि निघतात, आणि त्यांना पाणी कळतं.

दुपारी जंगलात मात्र हीच पोरं नीट चालवत होती, हे सांगायलाच हवं. तांबड्या मातीच्या उतारावर माथ्यावरच फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), दुसरा गिअर, क्लचवर पाय नाही. ओढ्यात आधी एकजण काठी टेकत चालत गेला, मग एकावेळी एकच गाडी. येतं की सगळं!

पांढरी गाडी संध्याकाळी मच्छीमारांच्याच ट्रॅक्टरने काढली. ती चालवणारा पोरगा रडवेला झाला होता. बाबा रे, आज रात्रीच खालून गोड्या पाण्याने धू. चाकं उतरवून ब्रेक साफ कर. दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यांचं) तेल थोडं काढून बघ, दुधाळ दिसलं तर सगळं बदल. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचंही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा).