‘बीडीएसला फक्त दात उपटायला शिकवतात’ म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) पाच वर्षांत फक्त दात उपटता येतात. इंटर्नशिप म्हणजे टाइमपास. खरं काम वीकेंड कोर्समध्येच शिकायचं.’

‘फक्त उपटायला’? दुसऱ्या वर्षीच मुलं मेणात दात मांडून कवळी करतात, काढलेल्या दातांवर कॅव्हिटी (फिलिंगसाठीचा खड्डा) कापतात. तिसऱ्या वर्षापासून खुर्चीत पेशंट असतो. आणि उपटणं म्हणजे पक्कड धरून ओढणं नव्हे. खालची दाढ सुन्न करताना हाड लवकर लागलं तर सुई फार पुढे आहे. लागलंच नाही तर फार मागे. तसंच सुन्न करायचं औषध सोडलं तर ते कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीत जाऊन अर्धा चेहरा काही तास लुळा पडतो. औषध सोडण्याआधी ॲस्पिरेट करून (सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून) रक्त येतं का पाहायचं, हा हात खुर्चीशेजारी शिक्षक उभा असतानाच बसतो.

इंटर्नशिपचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे. डेंटल कौन्सिलच्या 2007 च्या नियमांत 12 महिन्यांपैकी ओरल सर्जरी आणि प्रोस्थोला (कृत्रिम दात-कवळीच्या खात्याला) प्रत्येकी दीड महिना, कम्युनिटी डेंटिस्ट्रीला (समाजात जाऊन करायच्या दंतसेवेला) तीन. ज्या खात्यात रूट कॅनॉल शिकायचं, त्या कन्झर्व्हेटिव्हला एकच! त्यामुळे पुढचे एकमुळी दात जमतात, दाढांवर हात कच्चा राहतो. वरच्या पहिल्या दाढेच्या मेसिओबकल (पुढच्या, गालाकडच्या) मुळातला दुसरा कॅनॉल (मुळातली नळी) सुटतो. दहा नंबरच्या बारीक फाईलने (कानशीसारख्या सुईने) हाताने वाट मोकळी न करताच रोटरी (मशीनवर फिरणारी फाईल) घातली की ती अडकून तुटते. म्हणजे उणीव खरी आहे, पण ती टाइमपासमुळे नाही, वेळेच्या वाटणीमुळे आहे.

मग वीकेंड कोर्स? रोटरीची सवय व्हायला ठीक. पण तिथे काम बहुधा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर किंवा काढलेल्या दातावर. कॅनॉल धुवायच्या हायपोक्लोराइट द्रवाची सुई कॅनॉलमध्ये घट्ट बसवून जोर दिला की द्रव मुळाच्या टोकापलीकडे जातो: जीवघेणी कळ, मिनिटांत सूज, कॅनॉलमधून रक्त. ठोकळा ओरडत नाही. सुई सैल ठेवायची, सतत वर-खाली हलवायची, बाजूला भोक असलेली वापरायची, हे कोर्समध्ये सांगतात. पण सूज चढताना काय करायचं ते तिथे दिसत नाही.

ओरडायचंच तर क्लिनिक टाकायच्या अपुऱ्या तयारीबद्दल ओरडा. एक्स-रे मशीनची ई-लोरावर (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पोर्टलवर) नोंदणी, कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात; काढलेला दात पिवळ्या पिशवीत, पण त्यात अमाल्गम (पारा असलेलं चांदीचं फिलिंग) असेल तर नाही, कारण जाळला की पारा हवेत जातो.