मुलतानी माती रक्तातली घाण ओढत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. माहेरच्या ग्रुपवरही तोच. 'मुलतानी मातीत लिंबू पिळून रोज चेहऱ्याला लावा, कडक वाळू द्या. रक्तातली घाण बाहेर पडते, रंध्रं कायमची बंद होतात, तेलाच्या ग्रंथी आटतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही.' दहावीतल्या माझ्या भाचीनं तुळशीबागेतून माती आणून आठ दिवस हे केलं. गाल लालबुंद झाले, सालपटं निघायला लागली. म्हणून हे लिहितेय.

आधी खरं ते मान्य करते. ही माती तेल ओढते. तिचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात, त्यामुळे चिमूटभर मातीलाही तेल धरून ठेवायला भरपूर जागा मिळते. लोकरीचा ओशटपणा काढायला युरोपात याच जातीची माती शतकानुशतकं वापरली. अंगावर विषारी रसायन पडलं तर टिपायला सैनिकांनाही ती दिली गेली आहे. पण टिपते ती कातडीवरचं. रक्त गाळण्याचं काम मूत्रपिंडांचं, विषारी द्रव्यं निकामी करण्याचं यकृताचं. गालावरचा लेप तिथवर पोचत नाही. चेहरा धुताना गढूळ पाणी येतं ती रक्तातली घाण नाही, मातीच आहे.

रंध्रांना स्नायू नसतात, ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. तेल निघालं की काही तास बारीक दिसतात, एवढंच. ग्रंथी किती तेल सोडणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात, वयात येताना पिंपल्स येतात ते त्यामुळेच. वरचं तेल टिपून खालची ग्रंथी आटत नाही. ती आक्रसवणारं आयसोट्रेटिनॉइन नावाचं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

सगळ्यात घातक सल्ला 'कडक वाळू द्या' हा. तडतडेपर्यंत ठेवलेला लेप त्वचा कोरडी करतो, मग तो खरवडून काढताना वरचा थर दुखावतो. थंडीत पुण्याची हवा आधीच कोरडी, ओठ फुटलेले असतात. आपल्या आज्या दिवाळीत उटणं लावायच्या, त्यातही ही माती असते. पण आधी अंगाला तेल चोळायच्या. उटण्याला टिपायला ते वरचं तेल मिळायचं. ही अक्कल मेसेज लिहिणाऱ्याला नाही, याचा मला फार राग येतो.

आणि लिंबू! आंबट रसानं आग होते ती वेगळीच. शिवाय रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड येऊ शकतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. नैसर्गिक तर लिंबूही आहे.

त्वचा तेलकट असेल तर आठवड्यातून एकदा, गुलाबपाण्यात कालवून, दहा मिनिटं लावा. ओलसर असतानाच धुवा, लगेच मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेला आणि तान्ह्या बाळांना नकोच. भाचीचा लेप मी सध्या पूर्ण बंद केलाय. गाल भरून येईपर्यंत साधं मॉइश्चरायझर, आणि क्लासला जाताना तोंडाला ओढणी.