हात हलत नसेल तर तेल लावत बसू नका

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकतो, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

तासगावकडच्या एका गावातनं एक बाप पोराला घेऊन घरी आला होता. पोरगं २२ वर्षांचं. दहा महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरनं पडलं, तेव्हापासून उजवा हात नुसता लोंबकळतोय. रिपोर्ट मागितले तर पिशवीतनं एक एक्स-रे निघाला आणि एक तेलाची बाटली. दहा महिने मालिश. दोन हाडवैद्य झाले. कुणी म्हणालं लकवा आहे, तर लकव्याचं औषधही झालं. ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायू काम करतात का ते बघायची तपासणी, केली का विचारलं, तर बाप म्हणाला, "ते काय असतंय?"

मी पोराचा हात हातात घेतला. दंडावर मांसच उरलेलं नाही, कातडीवर तेलाची चकाकी तेवढी. करंगळीच्या कडेला भाजल्याचा फोड होता. हे कधी झालं, विचारलं. पोरानं हात फिरवून बघितला आणि म्हणालं, "म्हाईत न्हाई." चहाचा पेला टेकला असेल. त्याला कळलंच नव्हतं.

माझं तुम्हा बहुतेकांना माहीत आहे. जानेवारी २०२२, उसाचा सीझन, आष्ट्याहून सांगलीला येत होतो आणि रस्त्याकडेला अंधारात ट्रॉली उभी. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. (या ट्रॉल्यांवर आपण दरवर्षी ओरडतो आणि कारखाने बंद झाले की विसरतो.) खांद्यावर आपटलो, कॉलरबोन मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, सूज उतरली की हातही हलेल. मी दोन महिने वाट बघत बसलो. सूज तर पंधरा दिवसांतच उतरली होती! शेवटी मिरजेच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की हा हात हाडामुळं पडलेला नाही, उद्याच्या उद्या ईएमजी करून घ्या. त्या भेटल्या नसत्या तर आज मीही तेलाची बाटली घेऊन फिरत असतो.

मानेतनं पाच नसा निघतात, डॉक्टर त्यांना मणक्यांवरनं सी-५ पासून टी-१ पर्यंत नावं देतात. त्यांचं जाळं होऊन ते काखेतून हातात उतरतं. ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात त्याला. पडताना मान एकीकडं आणि खांदा दुसरीकडं ओढला गेला की त्या नसा ताणतात, तुटतात, कधी मणक्यातनं मुळासकट उपटतात. साध्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. आणि उपटलेली नस कुठल्याही तेलानं परत रुजत नाही.

चौथ्या महिन्यात पुण्यात ऑपरेशन झालं. बरगड्यांमधल्या तीन नसा सोडवून दंडाच्या नसेला जोडल्या. मग नुसती वाट. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला एक इंच. दहा महिने मी रोज खोल श्वास घ्यायचो आणि हाताकडं बघायचो. काही नाही. मग एप्रिलमध्ये आईनं वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या. घरभर ठसका. मी सणकून शिंकलो आणि झोळीतला हात टुणकन वर उडाला. मी नाही उडवला, तो उडाला! आई हातातलं उलथनं तसंच धरून उभी. म्हणाली, "परत शिंक."

बरगडीची नस ना, ती श्वासाचंच काम ओळखते. शिंकलं, खोकलं की हात उठायचा. नुसतं मनात आणून कोपर वाकवायला मेंदूला पुढं आणखी वर्ष लागलं.

काहींच्या नसा नुसत्या ताणलेल्या असतात, त्यांचा हात आपला आपण येतो, हे खरं. पैशाचा प्रश्नही खरा आहे, आम्ही म्हैस विकली. पण हात आपोआप येणार की नाही, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? चौकात बसून "काही होत नाही रे, वेळ लागतो" म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की वेळ इथं उलटा चालतो. वर्ष-दीड वर्ष नसेविना पडलेला स्नायू नंतर नस पोचली तरी जागा होत नाही. हे दहा महिन्यांत त्या पोराला एकानंही सांगू नये? हाडाचा फोटो काढणाऱ्यानं तरी?

आणि दुखणं. हाताला चटका कळत नाही, पण आतनं तो हात चोवीस तास तेलात तळल्यासारखा जळतो, मध्येच करंट बसतो. घरचे म्हणतात, हात मेलाय तर दुखतो कसा? पोरगं ढोंग करतंय असं बापाला वाटत होतं. मी म्हणालो, ढोंग नाही, मी अजून गोळ्या खातो. तेव्हा पोरानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

माझा हात पूर्ण आला असं कुणी समजू नका. कोपर वाकतं, खांदा थोडा उचलतो, बोटं आलेली नाहीत आणि येणारही नाहीत. हे सगळं डाव्या अंगठ्यानं टाइप करतोय. तरी वाकलेल्या कोपरावर पिशवी अडकवता येते, भाचीला कडेवर घेता येतं. तेवढ्यासाठी ते ऑपरेशन मी परत करून घेईन.

जाताना त्या बापाला शिंकेची गोष्ट सांगितली. धीर यावा म्हणून सांगितली हो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग आम्ही पण चटणी करायला घिऊ का? पोरगं शिंकंल." मला काय बोलावं कळेना. सकाळपासनं हाडवैद्यावर, डॉक्टरवर, सगळ्यांवर चिडलो होतो, ते तिथंच गळून गेलं. त्याला जवळ बसवून सांगितलं की आधी नस जोडावी लागते. उशीर झालाय, पण दार बंद नाही. मांडीचा स्नायू नसेसकट काढून दंडात बसवायचं ऑपरेशन असतं, ते होण्यासारखं आहे का, डॉक्टर तपासून सांगतील.

मंगळवारी पहाटे त्या दोघांना घेऊन पुण्याला चाललोय. एसटीत गर्दीत त्या हाताला धक्का लागला की पोरगं कळवळतं. सांगलीतनं कुणाची गाडी पुण्याला जाणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, तीन जागा हव्यात. डिझेलचे पैसे मी देतो.