डिस्कला कालचं काही आठवतच नाही

लग्नसराईत जळगावात डीटीपीचं दुकान चालवायचं म्हणजे डोक्याचं पार भरीत. पत्रिकेत मोठ्या काकांचं नाव खाली गेलं की घरात रुसवा, आणि तो काढायचा माझ्या काउंटरवर! आज धरणगावचं गिऱ्हाईक आलंय. पाच वेळा मामा-काका वरखाली करून झाले, आता म्हणतंय, "भाऊ, सोमवारी दाखवेल होती तीच बरी होती. तीच काढा."

कुठून काढू? सेव्ह दाबलं की सोमवारची गेली, तिच्या उरावर मंगळवारची बसली.

1970 च्या दशकात व्हीएमएस नावाची कॉम्प्युटर चालवायची सिस्टीम आली होती, आपल्या विंडोजसारखी. तिच्यात बदललेली फाइल सेव्ह केली की जुनी तशीच राहायची, नवीच्या नावापुढे अर्धविराम आणि पुढचा आकडा लागायचा: ;1, ;2, ;3. नको झाल्या की 'पर्ज' म्हणायचं, जुन्या साफ. तेव्हाच्या डिस्क केवढ्याशा! माझी पत्रिका फार तर 10 एमबीची. शंभर प्रती ठेवल्या तरी 1 जीबी, इथे 2 टीबी रिकामी पडलीय. झेडएफएस, बीटीआरएफएस अशा डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती आहेत, त्यांचे लोक स्नॅपशॉट देतात म्हणे, म्हणजे त्या क्षणी डिस्क होती तशी जपून ठेवायची. पण तो बहुतेक घेतात ठरल्या वेळेला. काका काय वेळ बघून रुसतात? मला प्रत्येक सेव्हची प्रत पाहिजे, राइट क्लिक केलं की सोमवार दिसला पाहिजे.

ते नाही म्हणून मी नावातच सगळं कोंबायला लागलो. हे बघा एक: 'धरणगाव लग्न पत्रिका सोमवार मामा वर मोठे काका खाली ताईचं नाव वाढवलं फोटो मोठा केला गणपती परत बदलला'. विंडोजने मुकाट घेतलं, पण मंगळवारी मी घाईत त्याच फाइलवर सेव्ह दाबलं. बॅकअपच्या जुन्या मशीनवर लिनक्स आहे, फाइली मांडायची त्याची पद्धत ईएक्सटी फोर. ते म्हणालं, नाव लांब आहे. अरे, कसं काय लांब? तर तिथे नावाला जागा 255 बाइट, इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि देवनागरीत मात्रा-वेलांटीलासुद्धा तीन-तीन बाइट. आपला एक 'श्री' बारा बाइट खातो! इंग्रजीवाल्याला 255 अक्षरं, मला मात्रा धरून 85. अक्षरं मोजा की राव, बाइट कसले मोजता!

म्हणजे सोमवारची प्रत बॅकअपलाही नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून सगळी परत टाइप करतोय. गिऱ्हाईक समोरच बसलंय, दुसरा चहा झाला. आत्ताच त्याला घरून फोन आला. आत्याबाई राहिल्या म्हणे.