‘पाण्याचं काही टेन्शन नाही सर’

छत्रपती संभाजीनगरात भाड्याने घर शोधत असाल आणि कुणी म्हणालं, ‘पाण्याचं काही टेन्शन नाही सर’, तर तिथूनच माघारी फिरा. मी फिरलो नाही. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

लातूरहून बदली झाली. नोकरी वाळूज एमआयडीसीत, पोराची शाळा सिडकोत. म्हणजे शहराचं एक टोक माझ्या वाट्याला, दुसरं पोराच्या. एरिया कोणता घ्यावा म्हणून ऑफिसात विचारलं तर जो तो स्वतःचाच सांगायला लागला. बजाजनगरवाला म्हणाला, कंपनीत चालत जा. उल्कानगरीवाल्याला बाकी सगळं शहर खेडंच वाटतं. सातारा परिसरवाला म्हणाला, डोंगर बघा, हवा बघा. गेलो बघायला. पाऊस नुकता थांबला होता. काळ्या चिखलात पाय रुतला, पाय निघाला, चप्पल तिथंच राहिली. हवा मात्र खरंच चांगली होती.

आणि घरमालकांच्या त्या मुलाखती! नाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की मूळ गाव, तरीही उलगडा होईना तर ‘म्हणजे तुमच्यात नेमके कोण?’ अहो, मी भाडेकरू म्हणून आलोय, तुमच्या पोरीला स्थळ म्हणून नाही. तीन ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवायलेत.

शेवटी गारखेड्यात खालचा मजला मिळाला. एजंटाने महिन्याचं भाडं कमिशन म्हणून घेतलं, 11 महिन्यांचा करार झाला. मालकांना मी तोंडावर विचारलं होतं, पाणी कसंय? म्हणाले, ‘भरपूर.’ सामान लावून आठवडा झाला, नळाला थेंब नाही. वर जाऊन विचारलं तर शांतपणे म्हणतात, ‘अहो, आलं की भरपूरच येतं.’

आलं आठव्या दिवशी. रात्री अडीचला. आधी नळ नुसता फुसफुसला, मग तांबूस पाणी, मग बरं. बायको मोबाईलची बॅटरी धरून उभी, मी पाईप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकतोय, आणि तेवढ्यात वरच्यांनी मोटार लावली. धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग गायब. ओरडलो तर वरून आवाज, ‘दोनच मिनिटं हं सर!’ ती दोन मिनिटं पाणी जाईपर्यंत संपली नाहीत.

हिशेब करा. टाकी 1000 लिटरची, माणसं चार, दिवस आठ. माणशी रोज 31 लिटर, तेही टाकी पूर्ण भरली तर. शहरातल्या माणसासाठी सरकारी मापदंड आहे रोज 135 लिटरचा! उरलेलं टँकरवाल्याकडून घ्या, तो सकाळी सांगून रात्री उगवतो.

काटकसर तर मला शिकवूच नका. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर आहे आमचं. भांडी धुतलेलं पाणी आजही माझी आई झाडाला घालते. पण तेव्हा आमचा मांजरा आटला होता. इथं 50 किलोमीटरवर पैठणला नाथसागर पडलाय, शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं त्यात. यंदा दरवाजे उघडले तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला होता. मी ते फोटो बघत होतो तेव्हा घरात तांब्याभर पाण्यात दाढी उरकायची होती.

मागच्या रविवारी वरची रिकामी खोली बघायला हिंगोलीचं एक जोडपं आलं. मालक जिन्यातून म्हणाले, ‘पाण्याचं काही टेन्शन नाही, विचारा की खालच्या सरांना.’ मी काहीच बोललो नाही. फक्त न्हाणीघराचं दार उघडलं. चार निळे ड्रम, दोन हंडे, आणि पोराच्या खेळण्यातली बादली, तीही भरलेली. बाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि दोघं निघाले.

तेव्हापासून मालक माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. पाणी सुटलं की तेवढी हाक मारा.